राजीनामा

आमच्या जुन्या घराचा माळा मोकळा करताना पत्र्याची एक पेटी हाती लागली. तिच्यात सातबाराचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, दोनचार लग्नपत्रिका आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. कागदावर साल होते १९५७ आणि मथळा होता ‘राजीनामा’. आम्ही प्रथम चकित झालो, कारण राजीनामा द्यावा लागेल अशा पदावर आमच्या घराण्यातील कुणी कधी बसल्याचे ऐकिवात नव्हते. मजकूर वाचल्यावर उलगडा झाला. विहिरीच्या रहाटावरील पाण्याच्या पाळीवरून आमच्या आजोबांचा शेजाऱ्यांशी तंटा झाला होता, त्यात मारहाण झाली होती, तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला होता. आणि आता उभयपक्षी समेट झाला असल्याने तो पुढे चालविणे नाही, असे त्या कागदात लिहिले होते. पाण्याची पाळी पूर्वीप्रमाणे राहावी, वाडीतून जाणारी वाट अडवू नये आणि दवाखान्याच्या खर्चापोटी शेजाऱ्यांनी दीडशे रुपये द्यावेत, अशा तीन अटी होत्या. खाली आजोबांची सही, शेजाऱ्यांचा अंगठा आणि गावातील चार जाणत्यांच्या सह्या.

आज ‘राजीनामा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंत्री किंवा नोकरी सोडणारा कारकून येतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र तो नव्हे. फारसीत ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, कबूल असलेला. ‘नामा’ म्हणजे लेख. आपण राजी आहोत असे लिहून देणे, तो राजीनामा. मराठेशाहीच्या न्यायव्यवस्थेत वादी-प्रतिवादी गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे उभे राहिले की आधी दोघांकडून राजीनामा घेतला जाई. हे पंच आम्हांला मान्य आहेत, ते जो निवाडा देतील तो आम्ही पाळू, असा त्याचा आशय असे. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील शेतकरी आपल्या कब्जातील जमीन दुसऱ्याच्या नावे सोडू लागला, की सोडणाऱ्याने राजीनामा व घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यायची, असा रिवाज पडला. जमीन सोडण्याच्या या कागदावरूनच पद सोडण्याचा अर्थ शब्दाला चिकटला असावा, असे आम्हांला वाटते. उत्तर हिंदुस्थानातील कचेऱ्यांत मात्र फौजदारी खटला आपसांत मिटविण्याच्या लेखाला आजही राजीनामाच म्हणतात. एका शब्दात संमती, तडजोड आणि त्याग असे तीन अर्थ एकावर एक बसले आहेत. आमच्या पेटीतील कागदात हे तिन्ही होते, हे पुढे कळले.

गुन्हा घडला, फिर्याद झाली, आणि मग दोन्ही पक्षांनी ती मिटविली, असे होऊ द्यावे काय? प्रश्न दिसतो तितका साधा नाही. गुन्हा कुणाविरुद्ध घडतो, या मुळाशी तो जातो. ज्याचे डोके फुटले त्याच्याविरुद्ध? त्याच्या कुळाविरुद्ध? राजाविरुद्ध? की सगळ्या समाजाविरुद्ध? ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला, क्षमा करण्याचा अधिकार त्याचा. म्हणून हा प्रश्न प्रत्येक राजवटीने आपापल्या परीने सोडविला आहे, आणि त्या उत्तरांत त्या त्या समाजाची घडण स्वच्छ दिसते.

मराठेशाहीत दिवाणी आणि फौजदारी अशी आजच्यासारखी भिंत नव्हती. वतनाचा तंटा असो वा मारामारी, गोत जमे, तकरिरी होत, साक्षी निघत, शेवटी महजर होई. हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपला पराजय लेखी मान्य करी. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. न्याय मागितला की दोघांच्याही खिशाला चाट होती, हे वाचून आजच्या पक्षकारांना फारसे नवल वाटणार नाही! पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याच्या सरकारला पाठविला. त्यात पंचायतीचे गुणदोष त्याने विस्ताराने सांगितले आहेत. खुनाच्या गुन्ह्यातदेखील, विशेष क्रौर्य नसेल तर, देहान्त शासन होत नसे, बहुधा दंडावर भागत असे, अशी त्याची नोंद आहे. एल्फिन्स्टन पंचायतीचा चाहता होता. तरी तिची दिरंगाई आणि बलवानापुढे तिचे वाकणे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

उत्तर कोकणातील आपल्या पट्ट्याचा इतिहास थोडा वेगळा. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि लिस्बनच्या राजाचे कायदे येथे व गोव्यात चालत. त्या कायद्यात, विशेषतः १६०३ च्या फिलिपीय संहितेत, शिक्षा भयंकर होत्या. पण त्या शिक्षांतून सुटण्यासाठी राजाकडे दयेचा अर्जही करता येई. अशा अर्जाला सामान्यतः एका कागदाची जोड लागे: ज्याचे नुकसान झाले त्या पक्षाने नोटरीपुढे दिलेले क्षमापत्र. आधी घायाळाने किंवा मृताच्या आप्तांनी क्षमा करावयाची, मग राजाने. राजाची दया मोठी खरी, पण तिचा दरवाजा फिर्यादीच्या हातून उघडे. शेजारच्या कॅस्टीलचे राजे उत्तम शुक्रवारी, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ, खुनाच्या गुन्हेगारांना माफी देत. तेथेही मृताच्या नातलगांची क्षमा आधी विचारली जाई.

याहून जुनी प्रथा इटलीतील नगरराज्यांची. फ्लॉरेन्स, सिएना या शहरांत मारामारी किंवा खून झाल्यावर दोन घराणी नोटरीपुढे येत, ‘शांतीचा लेख’ करीत आणि साक्षीदारांदेखत एकमेकांचे चुंबन घेत. असा लेख न्यायाधीशापुढे ठेवला की शिक्षा कमी होई, कधी पूर्ण माफही होई. सिएनाचे संत बर्नार्दिन यांनी १४२७ साली त्या शहराच्या चौकात जी प्रवचने दिली, त्यांत आपसांतील वैर मिटवा हा विषय पुनःपुन्हा येतो. अर्पण घेऊन वेदीकडे निघालेल्याने आधी रुसलेल्या भावाशी समेट करावा, हे शुभवर्तमानातील सांगणे आपल्याला परिचयाचे आहे. त्या नगरांनी ते कायद्याच्या पुस्तकात बसविले होते, एवढेच.

आता बंगालकडे वळू. मोगलांच्या वेळेपासून तेथे फौजदारी न्याय इस्लामी कायद्याने चाले. त्यात खून हा मुख्यतः मृताच्या वारसांविरुद्धचा अपराध. वारसांनी हवे तर जिवाला जीव मागावा, हवे तर ‘दियत’ म्हणजे रक्ताचे मोल घ्यावे, हवे तर निखालस क्षमा करावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे पचले नाही. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने त्याविरुद्ध लिहिले, आणि १७९० साली कॉर्नवॉलिसने खुनाच्या खटल्यात वारसांची इच्छा विचारात घेऊ नये असा नियमच केला. राज्यकर्ता बदलला, तसा गुन्ह्याचा धनीही बदलला. खून आता कंपनी सरकारविरुद्धचा अपराध झाला. यात सत्ता पक्की करण्याचा हेतू होता हे उघड आहे. पण श्रीमंत खुनी गरीब वारसांना चार नाणी फेकून मोकळा होई, याला आळा बसला, हेही नाकारता येत नाही.

त्या जुन्या व्यवस्थेतील मर्म आपल्या शेजारी देशात अलीकडेच पुन्हा दिसून आले. पाकिस्तानने १९९० साली वटहुकुमाने, आणि १९९७ साली कायद्याने, वारसांचा क्षमेचा हक्क परत आणला. मग भावाने बहिणीला घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली ठार मारावे आणि बापाने वारस म्हणून मुलाला क्षमा करावी, अशी प्रकरणे घडू लागली. जिला मारले ती गेली. मारणारा आणि क्षमा करणारा एकाच ताटात जेवणारे. शेवटी २०१६ साली तेथील संसदेला असा कायदा करावा लागला की, अब्रूपायी केलेल्या खुनात वारसांनी क्षमा केली तरी जन्मठेप चुकणार नाही.

कॉर्नवॉलिसच्या मनात जो अविश्वास होता, त्याची मुळे त्याच्या स्वतःच्या देशात होती. इंग्लंडमध्ये चोराकडून माल परत घेऊन त्याच्यावर फिर्याद न करणे हाच मुळी जुना गुन्हा. आपल्याला हे विचित्र वाटेल: माझी वस्तू मला मिळाली, मी चोराला सोडले, यात सरकारचे काय गेले? त्याचे उत्तर जोनाथन वाइल्ड या इसमाच्या चरित्रात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हा गृहस्थ ‘चोर पकडणारा’ म्हणून मिरवीत असे. कुणाची वस्तू चोरीला गेली की मालक त्याच्याकडे जाई. काही दिवसांनी वाइल्ड ती वस्तू आणून देई आणि बक्षीस घेई. मालक खूश, वाइल्ड खूश. खरी गोम ही की चोरांच्या टोळ्या त्याच्याच होत्या, आणि जो चोर त्याला जुमानीत नसे त्याला तो फासावर पोहोचवी. चोरीचा माल परत मिळवून देण्यासाठी पैसे घ्यावेत आणि चोराला मात्र पकडून देऊ नये, हा धंदा मोडण्यासाठी पार्लमेंटने १७१८ च्या सुमारास खास तरतूद केली. त्याच तरतुदीखाली वाइल्ड शेवटी सापडला. लेस चोरीला गेलेल्या एका बाईकडून दहा गिनी घेतल्याच्या आरोपावरून २४ मे १७२५ रोजी त्याला टायबर्न येथे फाशी देण्यात आले. त्याने मिटविलेल्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्ष राजीच होते! खाजगी समेटाने दोघांचे समाधान होते, पण तिसऱ्याच्या घरी चोरी होण्याची सोय होऊन राहते, हा धडा इंग्रजी कायद्याने या प्रकरणांतून घेतला.

हा धडा जहाजातून हिंदुस्थानात आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी पैसे घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे ठरविले गेले. १८७२ च्या करार कायद्यातील २३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे: एकाने लुटीची फिर्याद मागे घेण्याचे वचन द्यायचे आणि दुसऱ्याने लुटलेल्या मालाची किंमत भरून देण्याचे, असा करार रद्दबातल समजावा. हा कायदा तयार करणाऱ्यांना फौजदारी न्यायाचा बाजार नको होता.

पण हिंदुस्थानचे खेडे म्हणजे लंडन नव्हे. बांधाची माती सरकवली, शेळीने वेल खाल्ला, पाणवठ्यावर शिव्यागाळी झाली, कुणी कुणाच्या अंगावर काठी टाकली; या प्रत्येक वेळी सरकार फिर्यादी होऊन उभे राहिले, तर न्यायाधीशांनी करायचे काय, आणि त्या दोन घरांनी पुढची चाळीस वर्षे एकाच वाटेने जायचे कसे? यातून एक मधला मार्ग निघाला. १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३४५ वे कलम तक्त्याच्या रूपाने आले आणि १८९८ च्या संहितेत त्याच क्रमांकाने राहिले. पुढे १९७३ च्या संहितेत ते ३२० वे झाले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५९ वे आहे. क्रमांक बदलले, सांगाडा तोच राहिला.

वाचकांनी हा तक्ता एकदा अवश्य पाहावा. कायद्याच्या रुक्ष पुस्तकातील ते एक मानवी पान आहे. पहिल्या स्तंभात गुन्हा, दुसऱ्यात कलम, आणि तिसऱ्यात तो आपसांत मिटविण्याचा अधिकार कुणाला. साधी दुखापत झाली तर ज्याला दुखापत झाली त्याला. वाट अडविली तर ज्याची अडविली त्याला. बदनामी केली तर ज्याची केली त्याला. घरात घुसखोरी झाली तर ज्याच्या ताब्यात घर आहे त्याला. हे गुन्हे न्यायालयाची परवानगी न घेता मिटविता येतात. हाड मोडण्यासारखी जबर दुखापत, फसवणूक, पहिली बायको हयात असता दुसरे लग्न, यांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यात मिटविण्याचा अधिकार त्या पहिल्या पत्नीचा, आणि नवरा फसवला गेला असेल तर त्याचा. चोरी १९७३ साली दुसऱ्या यादीत होती आणि मालाची किंमत अडीचशे रुपयांहून अधिक नसेल तरच मिटविता येई. २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने ती किंमतीची अट गेली. गुन्हा असा मिटला की आरोपीची निर्दोष सुटका झाली असे कायदा मानतो. जो गुन्हा तक्त्यात नाही तो मिटविता येत नाही. खून नाही, दरोडा नाही, बलात्कार नाही.

या तिसऱ्या स्तंभात एक नोंद अशी होती की तिच्याजवळ आम्ही दर वेळी अडखळत असू. व्यभिचाराचा गुन्हा मिटविण्याचा अधिकार कुणाला? त्या स्त्रीच्या नवऱ्याला. ज्याने तिच्याशी संबंध ठेवला त्याने गुन्हा केला तो नवऱ्याविरुद्ध, जणू शेजाऱ्याने त्याच्या बागेतील नारळ पाडून नेले. स्त्रीचे नाव कुठल्याच स्तंभात नव्हते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले तेव्हा तक्त्यातील ही ओळही निरर्थक झाली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती तेथे होती.

स्वातंत्र्यानंतर खटल्यांचे डोंगर साचले तसे समेटाला नवे दिवस आले. १९८२ साली गुजरातेत जुनागढ जिल्ह्यात लोक अदालत भरली आणि ही कल्पना देशभर पसरली. १९८७ सालचा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला आणि लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाचे बळ आले. जो गुन्हा कायद्याने मिटविता येत नाही त्याला मात्र तेथे प्रवेश नाही. न वटलेल्या धनादेशाचा गुन्हा २००२ च्या दुरुस्तीने आपसांत मिटण्याजोगा झाला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत उशिरा समेट करणाऱ्यावर चढता भुर्दंड बसविला: खालच्या न्यायालयात धनादेशाच्या रकमेच्या दहा टक्के, उच्च न्यायालयात पंधरा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताणले तर वीस. २०२५ साली हे दर खाली आणले गेले. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या बसल्या, तंटे मिटविणाऱ्या गावांना लोकसंख्येप्रमाणे बक्षिसे मिळाली, वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशा पाट्या लागल्या. कित्येक बांधांचे तंटे खरोखरच मिटले. पण गावाला बक्षीस मिळायचे असले की तंटा मिटविण्याची घाई कुणाला होते आणि गप्प कुणाला बसावे लागते, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला सांगायला नको.

तक्त्याबाहेरच्या गुन्ह्यांचे काय? येथे उच्च न्यायालयांच्या अंगभूत अधिकाराची कथा सुरू होते. न्यायाच्या हेतूसाठी कोणतीही कारवाई रद्द करण्याचा हा अधिकार १९७३ च्या संहितेत ४८२ व्या कलमात होता, आता ५२८ व्यात आहे. विवाहितेच्या छळाचे ४९८-अ हे कलम १९८३ साली आले. ते तक्त्यात नाही. एका प्रकरणात पतीपत्नीने परस्पर संमतीने घटस्फोट घेतला, बाई स्वतः म्हणाली की आता माझी तक्रार नाही. तरी खटला मिटेना, कारण तक्त्यात जागा नव्हती. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘बी. एस. जोशी’ या निकालात सांगितले की अशा वेळी उच्च न्यायालय खटला रद्द करू शकते. त्याच वर्षी आंध्र प्रदेशाने आपल्यापुरते हे कलम न्यायालयाच्या परवानगीने मिटण्याजोगे केले, पण अर्ज आल्यावर किमान तीन महिने थांबण्याची अट घातली. ही तीन महिन्यांची अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. माहेरच्यांनी समजूत घालून धाडलेली बाई तेवढ्या काळात एकदा तरी मोकळा श्वास घेऊन विचार करू शकते.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींना शंका आली: कायद्याने जे मिटत नाही ते आपण असे आडवाटेने मिटवीत आहोत काय? प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. २४ सप्टेंबर २०१२ रोजी ‘ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी उत्तर दिले. गुन्हा मिटविणे ही पक्षकारांची कृती आणि खटला रद्द करणे ही न्यायालयाची, दोन्ही वेगळ्या. जेथे भांडणाचा गाभा व्यवहाराचा, भागीदारीचा, कुटुंबाचा आहे, तेथे समेट झाल्यावर खटला ओढीत राहण्यात अर्थ नाही. खून, बलात्कार, दरोडा यांत मात्र पक्षकार किती का राजी असेनात, समाजाचे राजी असणे त्यांच्या हाती नाही. पुढे २०१४ व २०१९ च्या निकालांनी, खुनाच्या प्रयत्नाच्या प्रकरणांत जखम कुठे झाली, हत्यार कोणते होते, आरोपीचा पूर्वेतिहास काय, हे पाहूनच निर्णय घ्यावा, असे बारकावे घातले.

तरी सीमारेषा पुनःपुन्हा पुसली जाते. बलात्काराच्या खटल्यात तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. २०२० साली मध्य प्रदेशात विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली गेली की त्याने तक्रारदार बाईच्या घरी मिठाई घेऊन जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. जिने ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याला तिने भाऊ मानावे! १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. राजस्थानात एका शिक्षकाविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याची फिर्याद होती. मुलीच्या वडिलांनी समेट केला आणि उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्रास मुलीला झाला, राजीनामा वडिलांनी दिला. हे वाचले आणि आम्हांला आमच्या पेटीतील कागद आठवला.

त्या कागदात आजोबांचे नाव आहे, शेजाऱ्यांचे आहे, जाणत्यांचे आहे. रहाटाजवळ त्या सकाळी ज्या व्यक्तीचा हात मोडला तिचे नाव कोठेही नाही. ती आमची आत्या. तेव्हा बावीस वर्षांची होती, लग्न व्हायचे होते. भांडण दोन पुरुषांचे. ती मध्ये पडली आणि काठी तिच्या डाव्या मनगटावर बसली. हाड मोडले, म्हणजे जबर दुखापत. १८९८ च्या संहितेप्रमाणे गुन्हा मिटविता येत होता, पण न्यायालयाच्या परवानगीने, आणि मिटविण्याचा अधिकार तिसऱ्या स्तंभाप्रमाणे एकट्या आत्याचा. ती सज्ञान होती. वडिलांना तिच्या वतीने राजी होण्याचा हक्क नव्हता.

या समेटाचे चांगले फळ आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर त्या विहिरीवर पुन्हा वाद झाला नाही. दोन्ही घरांच्या लग्नांत दोन्ही घरे राबली. आजोबा वारले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत शेजाऱ्यांचा थोरला मुलगा पुढे होता. खटला शेवटपर्यंत चालला असता, शेजारी तुरुंगात गेले असते, तर यांपैकी काय घडले असते? म्हणून समेटाला नावे ठेवण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

आत्या नव्वदीला टेकली आहे. मनगट कधीच सरळ झाले नाही. डाव्या हाताने तिने आयुष्यात पुन्हा घागर उचलली नाही. गेल्या नाताळात आम्ही तो कागद तिला दाखविला आणि वाचून दाखविला. तिने तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. आम्ही विचारले, “तुला कोर्टात नेले होते ना?”

“नेलं होतं,” ती म्हणाली. “साहेब चांगला होता. त्याने विचारलं, बाई, तुम्ही राजीखुशीने मिटवता ना? मी मान हलवली.”

“राजी होतीस?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. उजव्या हाताने डावे मनगट चाचपण्याची तिची सवय आहे, तसे ती चाचपीत होती. “बाबा मागे उभे होते,” ती म्हणाली, “आणि शेजारचे काका रडत होते. मला त्यांचं वाईट वाटलं, ते खरं. पण ते मी घरी येऊन, दोन दिवसांनी, माझी मी म्हटलं असतं. तेवढे दोन दिवस मला कोणी दिले नाहीत.”

मग तिने कागद मागून घेतला आणि दीडशे रुपयांची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ते पैसे कुणाला मिळाले होते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.